धरून ठेवलेले स्टूल

दि. ६ जुलै, सकाळचे सव्वासहा. वह्यांच्या पाठींना लावायची खळ शिजत ठेवून लिहीत आहे.

चि. खारूताईस, दादाचे अनेक आशीर्वाद.

वसतिगृहात खोली मिळाली, हे आईने तीनदा वाचून घेतले. घरात कॉलेजात जाणारी तू पहिली, म्हणून मला ठाऊक आहे तेवढे सांगतो. सातवीनंतर मी वह्या-पुस्तकांच्या बांधणीच्या कारखान्यात आलो. इथे नवा माणूस टेबलाच्या टोकाला बसतो आणि वर्षभर आपणहून तोंड उघडत नाही. जुन्यांनी बोलावले की पुढे सरकतो. मी तसाच टिकलो. तूही मागे बस, कोणाला विचारून त्रास देऊ नकोस, काम चोख ठेव. नाहीतर तुझी टकळी सुरू झाली की सर वर्ग सोडून पळतील!

सोबत प्रयोगवही पाठवतो. पाठ दुहेरी शिवली आहे, तीन वर्षे उसवणार नाही.

लोभ आहेच, तो पत्रांतून दिसू दे.
तुझा दादा

दि. १९ ऑगस्ट

ती. दादास, खारूताईचा शि. सा. न.

वही इतकी सुंदर झाली आहे की हात लावायला भीती वाटते. अजून कोरीच आहे. प्रयोगासाठी जोड्या करायच्या होत्या. मी बोलावण्याची वाट पाहत उभी राहिले. सर म्हणाले की उरलेल्यांनी आपसांत पाहून घ्यावे. उरलेली मी एकटीच होते. काळजी नको, मी पाहून घेते. सगळ्या उठल्यावर जेवते, म्हणजे कोणाला अडचण नको. टकळी पार बंद आहे. आईला सांग, तिला खरे वाटणार नाही.

तुझ्या लोभातली,
खारूताई

दि. २१ सप्टेंबर, मावशीच्या शिवणाच्या दुकानातून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

हे आईला वाचून दाखवू नकोस. मी कॉलेजातून नाव काढले. सोमवारी सरांनी मान वर करून मला विचारले, की मी बरोबर वर्गात बसले आहे ना. सगळे हसले. अडीच महिने मी त्याच बाकावर होते, दादा. मी बाहेर जाऊन दारावरची पाटी पाहिली. वर्ग बरोबर होता. पण परत आत जाववेना.

अर्जात कारण लिहायची जागा होती. ती रिकामी ठेवली, तरी चालले. मावशी बटणांची काजे करायला देते. हात बसतो आहे.

रागाव, पण लिही.
खारू

दि. ३ ऑक्टोबर, दुपारचे तीन चाळीस. कॉलेजच्या पायरीवर, कागद मांडीवर घेऊन.

चि. खारूताईस आशीर्वाद.

तुझे पत्र चोविसाला मिळाले. उत्तर चार वेळा कच्चे लिहिले. रागाचा शब्द राहू नये, काना-मात्रा चुकू नये, म्हणून चारही वेळा फाडले. शेवटी आज स्वतःच आलो. कारकून म्हणाले, की काढलेले नाव परत घालता येते, पण सप्टेंबरच्या तीस तारखेपर्यंतच. तीन दिवस उशीर झाला गं. मी शुद्धलेखन तपासत बसलो होतो.

तिथून प्रयोगशाळेत गेलो. एका चष्मेवालीने आपणहून विचारले, की मी तुझा भाऊ का, चेहरा तोच आहे. म्हणजे तुझा चेहरा तिला पाठ होता. ती आणि तिची जोडीदारीण जुलैपासून मधल्या स्टुलावर पिशवी ठेवून ते तुझ्यासाठी धरत होत्या. तू मान वर करत नव्हतीस, म्हणून त्यांना तू शिष्ट वाटलीस. तू विचारशील म्हणून त्या थांबल्या, त्या विचारतील म्हणून तू. नाव काढल्याचे त्यांना कळलेच नव्हते. पिशवी आजही तिथेच होती.

तुला गप्प राहायला कोणी शिकवले, हे माझ्याच्याने त्यांना सांगवले नाही. आमच्याकडे टेबल एकच असते. टोकाचा माणूसही कोणाच्या तरी नजरेत असतो. तिथे तसे नाही, हे मला कसे सुचले नाही?

पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. त्या दोघी तेव्हा दुसऱ्या वर्षाला असतील. स्टूल असेल, धरणारे कोणी नसेल. तूच जाऊन बस आणि शेजारणीशी आधी बोल. पण दादाचे ऐकायचे की नाही, हे आता तूच ठरव.

रागावलेलो नाही. खाडाखोड झाली आहे, तशीच पाठवतो.

माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढा ठेव.
दादा

खर्च: जाण्यायेण्याचे भाडे एकशे चाळीस. पुढच्या वर्षीचा अर्ज पन्नास, सोबत आहे.
देणे: वर्षाची फी, नव्याने.
अर्जात बाकी सगळे भरले आहे. सही तेवढी तुझी हवी.