डावा पाय

तात्या, काल दसऱ्याला नात सोनं द्यायला आली, वाकून पाया पडली आणि हात तसेच ठेवून म्हणाली, "आजी, तुझा हा पाय एवढा गार का गं?" तिला मी काय उत्तर दिलं ते लिहायचा अजून धीर होत नाही. म्हणून आधी तुमच्याच पायाबद्दल लिहिते. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी वयाने तुमच्याहून पुष्कळ मोठी आहे, तरी तुम्हांला लिहायचं म्हटलं की पाठ आपोआप ताठ होते.

ठाण्यातल्या त्या दोन खोल्या, आणि तोही दसराच. आई चुलीपुढे, तुम्ही देव्हाऱ्याजवळ उभे, नुकतंच धोतर बदललेलं. मी तेव्हा मराठी शाळेच्या वरच्या वर्गात असेन. तुम्हांला पाया पडताना टेकवल्यासारखं करून उठलेलं चालायचं नाही, दोन्ही पावलांवर दोन्ही तळवे नीट ठेवावे लागायचे. तसे ठेवले, तर तुमचा उजवा पाय नेहमीसारखा ऊबदार होता आणि डावा माठाच्या बुडासारखा गार. मी म्हणाले, "तात्या, तुमचा डावा पाय गार लागतोय." तुम्ही हसलात. म्हणालात, "नमस्कार करते आहेस की नाडी बघते आहेस?" आई हसली, शेजारचे सोनं द्यायला आले होते तेही हसले. मी ओशाळले आणि आपट्याची पानं घेऊन दाराबाहेर गेले. त्यानंतर दर सणाला मला तो गारवा कळायचा, आणि मी काही बोलत नसे. एकदा बोलून झालं होतं.

तुम्ही लोकल बोर्डाच्या नोकरीत गावोगाव जाऊन मुलांच्या देवी काढायचात, म्हणजे देवीची लस टोचायचात. बाळकुम, कोलशेत, खाडीकाठच्या सगळ्या वस्त्या, सगळ्या पायीच. एका सुट्टीत मला बरोबर नेलं होतंत. मला वाटलं होतं तुम्ही पुढे झपाझप चालाल आणि माझी मागे फरफट होईल. पण थोडं गेलं की तुम्ही थांबायचात. "बिडी ओढून घेऊ जरा," म्हणायचात, एखाद्या दगडावर बसून डाव्या पोटरीवरून हात फिरवायचात, आणि बिडी संपली की उठून पहिल्यासारखे चालू लागायचात. पुन्हा थोडं अंतर, पुन्हा दगड, पुन्हा बिडी. मला तर ती गंमतच वाटली, कारण तेवढ्यात मला मिठागराकडचे पक्षी बघायला मिळायचे. तुम्ही बिडीसाठी थांबत नव्हता, पाय पुढे जाऊ देत नव्हता म्हणून थांबत होता आणि थांबण्याला कारण हवं म्हणून बिडी पेटवत होता, हे मला फार उशिरा समजलं. आणि ती बिडीच तुमचा पाय खात होती. कुंपणानेच शेत खावं तसं झालं.

बाळकुमात एका म्हातारीने सुनेचं पोर आतल्या खोलीत लपवून ठेवलं होतं. तुम्ही ओटीवर बसून तिला किती गोडीने समजावत होता. दुखणं आल्यावर धावण्यापेक्षा आधी दाखवलेलं बरं, अंगावर काढू नये, लाजू नये, भिऊ नये. म्हातारी तुमच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी आदी पानी प्या. तोंड कसा पांढरा परलाय तुमचा." तुम्ही पाणी प्यायलात आणि पुन्हा पोराचाच विषय काढलात. शेवटी तिने पोर बाहेर आणलं. येताना तुम्ही खुशीत होता. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, पण मला तेव्हा नुसता दिवाच दिसत होता, इतका तुमचा अभिमान वाटला.

मग त्या थंडीत नवीन वहाण डाव्या अंगठ्याला लागली. केवढीशी ती जखम. आईने हळद भरली, तेल लावलं, पण ती भरेना. पाय गार पडतो म्हणून आई शेगडी जवळ ओढायची, वीट तापवून फडक्यात गुंडाळून पायाला लावायची. तुम्हांला चटका कळला नाही. सकाळी मोठा फोड आलेला बघून आई कपाळाला हात लावून खाली बसली. अंगठा निळा झाला, मग काळा. तरी तुम्ही म्हणत होता, "होईल बरं, बाऊ करू नका."

इस्पितळातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी तुमच्या पावलावर, मी नमस्काराला हात ठेवायची अगदी तिथेच, दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच धरली. पायालाही नाडी असते हे मला तेव्हा कळलं. तुमच्या डाव्या पायाला ती लागत नव्हती. त्यांनी विचारलं, चालताना पोटरीत गोळा यायचा का? थांबलं की राहायचं का? हा पाय गार लागायचा का? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हिला विचारा. हिने सांगितलं होतं." डॉक्टर आईला समजावत होते की पायाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद होत जाते, तंबाखूने ती आणखी आवळते, आधी आला असता तर बिडी बंद करून, जखमेला जपून पाय वाचवता आला असता कदाचित. आई फक्त विचारत होती, "आता किती कापणार?" गुडघ्याच्या वर कापला.

पुढच्या दसऱ्याला तुम्ही खाटेवर होता. मी दोन्ही तळवे पुढे केले आणि ते कुठे ठेवायचे ते मला कळेना. तुम्ही उरलेला पाय धोतरात ओढून घेतलात आणि म्हणालात, "राहू दे आता." आईने तोंड फिरवलं. त्यानंतरचा दसरा तुम्ही पाहिला नाहीत. छातीत दुखलं आणि गेलात. तोही त्याच रोगाचा दुसरा हात, असं पुढे वाचलं.

मी मात्र धडा घेतला, तात्या. सासरी कोणाच्याही पाया पडताना दोन्ही पावलं चाचपायची, म्हणून सगळे माझी थट्टा करायचे. डोंबिवलीला आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात मध्येच थांबून पोटरी दाबायचे. त्यांना डॉक्टरकडे न्या म्हणून मी त्यांच्या बायकोच्या मागे हात धुऊन लागले. डॉक्टरांनी पायाचा आणि हाताचा रक्तदाब दोन्ही मोजून ताडून बघितले, रोग वेळेवर सापडला. ते आजही स्वतःच्या पायांनी भाजी आणतात. दर वेळी ते पिशवी घेऊन जाताना दिसले की मला तुमची आठवण येते, आणि खरं सांगायचं तर रागही येतो.

आता कालचं. मी कधी बिडी ओढली नाही, पण साखरेचा आजार बरेच दिवस आहे, आणि त्यानेही पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. नातीने विचारलं आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "नमस्कार करते आहेस की नाडी बघते आहेस?" आणि मी हसले. सगळे हसले. तिचं तोंड एवढंसं झालं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्हांला ठाऊक नव्हतं म्हणून तुम्ही हसलात. काल स्वतः हसले तेव्हा कळलं की माणूस केव्हा तसा हसतो. तुम्हांला माहीत होतं, तात्या. दगडा-दगडावर बसत होता तेव्हाच माहीत होतं, आणि तुम्ही घाबरला होता.

मलाही गणपतीच्या आधीपासून माहीत आहे. बाजारात जाताना मी साड्यांच्या दुकानापुढे थांबते. साडी मला घ्यायची नसते. भीती वाटते, फार वाटते. नात पलीकडच्या खोलीत अभ्यास करते आहे, हाक मारली तर लगेच येईल. एवढं सगळं लिहून झालं, पण तिला मी अजून हाक मारलेली नाही.