मागच्या जागेतला ट्रॅक, दोन कंट्रोलर आणि माझी अखेरची इच्छा

मी, सिद्धलिंग ईश्वरप्पा निटुरे, वय चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आरेखक, मूळचा उदगीरचा, हल्ली मुक्काम लातूर, आज राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवतो. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून फितवलेलेही नाही. दिमाग ठिकाणावर असल्याचा डॉक्टर भागवत यांचा दाखला सोबत टाचला आहे. तो मी मागितला नव्हता, माझी पत्नी उमाबाई हिने मागितला. "खेळण्यातल्या गाड्यांचं मृत्युपत्र करून राहिला हा माणूस, अन् शहाणा हाय म्हणून लिहून द्यायचं?" असे तिने डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, नाडी जरा जोरात हाय, पण डोकं ठीक हाय." नाडीचे खरे आहे. या दसऱ्यात जे घडले त्याने मी अजून जमिनीवर उतरलेलो नाही, म्हणून तर घाईने लिहितो.

१. राहते घर आणि बँकेतली सर्व शिल्लक उमाबाईच्या हयातीत तिची, तिच्या पश्चात माझा एकुलता मुलगा मुकुल याची. यावर कोणी तकरार करील असे वाटत नाही. घरामागची मोकळी जागा यात धरू नये. तिच्याविषयी शेवटी लिहिले आहे.

२. माझी शाळेतली कवितांची सर्व क्रमिक पुस्तके नात देविका हिला. उदगीरच्या शाळेत मास्तर कविता शिकवत नसत, चालीवर म्हणवून घेत. आधी वृत्त अंगात भिनायचे, अर्थ मागाहून कधीतरी यायचा, काहींचा तर पेन्शनीत आला. देविका बारावीला आहे, डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी सकाळ-संध्याकाळ क्लासला जाते. परीक्षा होईपर्यंत तिने ही पुस्तके उघडली नाहीत तरी चालेल. नंतर मात्र मोठ्याने म्हणावीत.

३. ड्रॉइंगची पेटी, टी-स्क्वेअर, पान्हे, सोल्डरिंगची इस्त्री आणि रेडिओवर चालणाऱ्या माझ्या दोन्ही गाड्या देविकालाच. ज्याला हा छंद ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो: हातात कंट्रोलर धरायचा, त्याचे चाक फिरवायचे, ट्रिगर ओढायचा, की पलीकडे हातभर लांबीची गाडी सुसाट सुटते. मध्ये तार नाही, काही नाही. मला याचे वेड भूकंपानंतर लागले. त्र्याण्णव साली नवीन गावांचे आराखडे काढायला आम्हाला किल्लारीकडे पाठवले होते. पत्र्याच्या शेडमधली लेकरे जमिनीवर पाय टाकायला भीत. मदतीच्या खोक्यातून कुठल्याशा परदेशी मुलाची अशी एक गाडी निघाली. मी सेल घातले आणि ती भेगाळलेल्या मातीवरून पळवली. एक चिमुरडी तिच्यामागे धावली, मग दुसरी, मग सगळीच. त्या दिवशी टेपपट्टी माझ्या हातातच राहिली. निवृत्त झाल्यावर मागच्या जागेत वळणे, चढ-उतार आखून ट्रॅक केला तो त्या धावणाऱ्या पायांसाठी.

४. आता कंट्रोलर. माझ्याकडे दोन आहेत, एक नामांकित जपानी आणि एक स्वस्तातला चिनी. जपानी घ्यायला लावणारा माझा पुतण्या सर्वेश, राहणार पुणे. "काका, ब्रँड तो ब्रँड. चिनी घेऊन लोकांत हसं करून घेऊ नका!" हे वाक्य त्याने माझ्या सुनेसमोर उच्चारले. ते मी विसरलेलो नाही, सबब सर्वेशला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. दिवाळीला आला तर फराळ द्यावा.

तरीही न्यायाने लिहितो. जपानी कंट्रोलर म्हणजे अक्षरगणवृत्त. बोट हलले की तत्क्षणी चाक वळते, एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. पण त्याचा रिसीव्हर, म्हणजे गाडीत बसणारा जोडीदार, महाग; आणि बिघडला तर पुण्या-मुंबईची वारी. चिनी म्हणजे जात्यावरची ओवी. चरण थोडा लांबतो, प्लास्टिक करकरते, पण गाणारीला फिकीर नसते. त्याचे रिसीव्हर स्वस्त, म्हणून गाडीगणिक एक बसवता येतो. मात्र सिग्नल तुटला तर गाडीने आपोआप थांबावे, ही सोय त्यात आपल्या हाताने लावावी लागते. लोक विसरतात आणि गाडी भिंतीवर गेली की चीनला शिव्या देतात. देविका विसरत नाही. ती चिनीवरच शिकली. दोन्ही कंट्रोलर तिलाच.

५. यंदाची गोष्ट मृत्युपत्रात लिहिणे भाग आहे, कारण मागच्या जागेचा निकाल तिच्यावर आहे.

मुकुल क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आमच्या गल्लीत प्रत्येक घरावर 'विद्यार्थ्यांसाठी खोल्या' अशी पाटी लागली आहे, आणि ट्रॅकवर खोल्या काढायच्या असे त्याने मनावर घेतले. गणपतीत आमचे कडाक्याचे वाजले. शेवटी तो म्हणाला, "आप्पा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेडला रेस आहे ना? देविकाचा पहिला नंबर आला तर ट्रॅक राहील. नाही आला तर दिवाळीनंतर पाया खणायचा."

मी म्हणालो, "कबूल! जपानी कंट्रोलर हाय आपल्याकडं."

मग आली खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारे पाटावर मांडायची रीत. टी-स्क्वेअर, पान्हे, विळी, मुकुलचा डस्टर, आणि मधोमध खणावर जपानी कंट्रोलर. आमच्या घरात ज्याची किंमत जास्त त्याची पूजा मोठी. उमाबाईने हळद-कुंकू वाहिले आणि नारळ फोडून त्याचे पाणी भक्तिभावाने थेट ट्रिगरवर शिंपडले. चिनी कंट्रोलर फळीवर पडून होता. त्याला कोणी बोटभर कुंकूसुद्धा लावले नाही.

दसऱ्याच्या सकाळी जपानी सुरू केला तर गाडी उजवीकडे वळून गोल फिरू लागली. थांबेच ना.

उमाबाई म्हणाली, "बघा! देव पावला. प्रदक्षिणा घालून राहिली."

"अगं, नारळाचं पाणी गेलंय आत!"

"मग? नैवेद्य बाहेरून दाखवायचा असतो व्हय?"

देविकाने फळीवरचा चिनी काढला, नवे सेल घातले, गाडीतला रिसीव्हर बदलला आणि म्हणाली, "अज्जा, तोंड पाडू नका. मला हाच येतो."

नांदेडला मैदान ओले होते. मुकुलच आम्हाला मोटारीने घेऊन आला होता, पांढऱ्या शर्टात. तिथला नियम असा की प्रत्येक स्पर्धकाच्या घरचा एक माणूस वळणावर उभा राहतो. जी गाडी उलटेल ती त्याने सरळ करायची, कोणाचीही असो, आणि दोन उलटल्या तर आधी पडलेली आधी. शेवटच्या वळणावर मुकुल उभा होता. देविकाची गाडी दुसरी होती, पुढे एका दंतवैद्याची, त्यांच्या हातात अस्सल जपानी कंट्रोलर. शेवटच्या फेरीत दंतवैद्याची गाडी घसरून उलटली. मी ओरडलो! पण देविकाची तिच्यावरच आदळली आणि तीही चाके वर करून पडली. मुकुल चिखलात धावला, वाकला, क्षणभर थबकला, आणि त्याने दंतवैद्याची गाडी आधी सरळ केली. मग देविकाची. आमचा दुसरा नंबर आला.

परतीच्या वाटेत मी फुगून बसलो होतो. अहमदपूरच्या पुढे राहवले नाही. म्हणालो, "खोल्या पाहिजे होत्या, मिळाल्या."

मागून देविका म्हणाली, "अज्जा, असं बोलू नका. त्यांची आधी पडली होती. पप्पांनी बरोबर केलं."

मुकुलने गिअर बदलला. मग समोर बघतच म्हणाला, "आप्पा, माझा हात आधी देविकाच्या गाडीकडेच गेला होता. ओढून घ्यावा लागला." त्याच्या शर्टावर गळ्यापर्यंत चिखल होता. थोड्या वेळाने म्हणाला, "ते शेवटचं वळण तिला कळलं नाही. वेग किती ठेवायचा याचं गणित आहे. मी दाखवतो." आणि चाकूर आल्यावर, जणू दुसऱ्याच कोणासाठी विचारतोय अशा आवाजात, "नव्या माणसानं घ्यायचा तर कोणता घ्यावा? ब्रँडचा, का साधा?"

माझे वय मी त्या गाडीतच सोडले. लातूर येईपर्यंत बोलत होतो. साधा घे, म्हणालो. पहिल्या वर्षी बोट शिकते, कंट्रोलर नव्हे. वाचेल त्यात जादा टायर घे, आणि गाडी थांबायची सोय आधी लाव. मग बोटाला मात्रा कळायला लागली की जपानी घे. पण खंडेनवमीला तो आईला दाखवू नको.

६. सबब, मागच्या जागेविषयी. पैज मी हरलो आहे आणि निटुऱ्यांचा शब्द फिरत नाही. ती जागा ट्रॅकसह मी मुकुलच्या नावे करतो. अट एकही घालत नाही. आधी तीन अटींचा मसुदा केला होता, तो फाडला. खोल्या काढाव्या वाटल्या तर काढाव्या.

एवढे लिहून पेन ठेवणार होतो, तोच कुरिअरवाला आला. पार्सलवर नाव 'मुकुल सिद्धलिंग निटुरे'. आत चिनी कंट्रोलर. आता मुकुल ट्रॅकवर उकिडवा बसला आहे, देविका कमरेवर हात ठेवून उभी आहे, आणि दोघांचा आवाज इथपर्यंत येतो.

"पप्पा, आधी रिसीव्हरचं बटण. किती वेळा सांगू?"

"अगं, शिकवताना ओरडू नये. आप्पा! ही ओरडून राहिली बघा! या ना जरा!"

मला जायला हवे. जे लिहायचे राहिले ते राहिले. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे.

सही: सि. ई. निटुरे

साक्षीदार, ज्यांना या दस्तातून काहीही मिळत नाही:

डॉ. भागवत. निटुरे यांनी माझ्यासमोर सही केली. सही करताना त्यांचे लक्ष खिडकीबाहेर होते, पण हात स्थिर होता.

लक्ष्मीबाई, शेजारीण. निटुऱ्यांनी माझ्यासमोर सही केली अन् ते चप्पल न घालताच मागं पळाले.

स्थळ: लातूर
दिनांक: १६ ऑक्टोबर २०१६, रविवार