दहा वेळा लिहिलेला शब्द

१४ नोव्हेंबर, दुपारी तीन

प्रिय बबडे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी पोचलं. माझी तब्येत ठीक. डावा डोळा आता नावापुरता उरलाय, उजवा मात्र अजून इमानेइतबारे नोकरी करतो. पाकिटावर माझं नाव एवढं ढब्बू अक्षरात लिहिलंस की पोस्टमनही हसला. जावईबापूंची कंबर कशी आहे? कपाट एकट्याने सरकवायला जाऊ नका म्हणावं, पन्नाशीकडे चाललेत.

माझ्यासाठी खोली रिकामी करतेयस. पूर्वेची खिडकी, शेजारीच बाथरूम, पलंगाशी दिवा. म्हाताऱ्याचा एवढा विचार कोण करतं हल्ली! वाचून डोळे भरले, आणि ते बरं नव्हे, कारण डोळ्यांचे थेंब महाग आहेत.

परवा माझ्या जुन्या छापखान्यात जाऊन आलो. मालकांची मुलगी आता सगळं बघते. मला जुन्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "काका, तुमचा तो शब्द अजून आमच्या जुन्या पुस्तकांत सापडतो हं!" सगळे हसले, मीही हसलो. मग पाणी प्यायलो आणि घरी आलो.

तुझ्या प्रश्नाला मी बगल देतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तू लिहिलंस, "कपाटाच्या तळाशी आईची पेटी निघाली. तिच्या एका पत्रावर तुझ्या लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. मामा, तिने काय लिहिलं होतं ते तुला कळलं होतं का? हो की नाही, एवढंच सांग. खोलीचं मग बघू."

एका शब्दात उत्तर देता येईल, पण आधी थोडं ऐक.

आमचे बाबा इंग्रजीचे मास्तर. आम्ही कुठूनही पत्र लिहिलं की ते चुकांना लाल गोल करून परत पाठवायचे. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून धाडायचा, हा घरचा कायदा. बाबा गेल्यावरही धाकटीने, म्हणजे तुझ्या आईने, आणि मी तो खेळ सोडला नाही. तिच्या सासरी पत्रं फोडून वाचत. तुझे बाबा फिरतीवर असायचे, आणि बाकी कुणाला इंग्रजी येत नसे. त्यामुळे ती वर सगळं मराठीत छान छान लिहायची, आणि खरं काय ते शेवटच्या दोन-तीन ओळींत, इंग्रजीत.

त्या पत्रातही वर तुला चौथा दात आल्याचं आणि पडदे नवे शिवल्याचं होतं. खाली इंग्रजीत होतं, की दादा, महिनाभर ताप उतरत नाही, इथे कुणी डॉक्टरकडे नेत नाही, मी डेस्परेट झालेय, मला आणि बाळाला घेऊन जा.

डेस्परेटच्या स्पेलिंगमध्ये पीनंतर तिने ई ऐवजी ए लिहिला होता. शंभरातले ऐंशी जण तेच करतात. सेपरेटमध्ये तिथे ए असतो, त्या सवयीने हात जातो. मी शब्दाला लाल गोल केला आणि समासात लिहिलं, "पीनंतर ई. मूळ लॅटिन. स्पेरारे म्हणजे आशा धरणे. त्याच्या आधी डे लागला की आशेपासून तुटणे. आशाच उरली नाही, असा तो डेस्परेट. ए कुठून आणलास, गधडे?" आणि पत्र परतीच्या टपालाने तिला धाडलं. तेच तुझ्या हातात आहे.

आता पोरं कशाहीसाठी डेस्परेट असतात, चहासाठीसुद्धा. माझ्यासमोर कुणी म्हटलं की मी उठून जातो.

ती गेल्यानंतर सहा महिन्यांनी एका इंग्रजी वैद्यकीय पुस्तकाची प्रूफं तपासायला माझ्याकडे होती. खिळे जुळवणारे नाना एक पान घेऊन आले. "साहेब, हे बरोबर होतं की! तुम्ही चुकवलंत." डेस्परेटमधला पीनंतरचा ई खोडून मी वर ए लिहिला होता. अक्षर माझंच, पण लिहिल्याचं आठवेना. पुढे कितीदा तरी झालं. नानांनी पकडलं ते दुरुस्त झालं, बाकीचं तसंच छापलं गेलं. मालक म्हणायचे, सगळ्या भाषेत यांचं एकाच शब्दाशी वाकडं आहे.

आवाजाचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. भर दुपारी, जेवायच्या सुट्टीत यंत्रं थांबली की माझ्या मागे कागदावर पेन्सिल चालायची. माझी पेन्सिल टेबलावर पडलेली. धाकटी लहानपणी माझ्या खांद्यावरून वाकून वही बघायची, तशी कुणीतरी वाकल्यासारखं वाटायचं. आवाज थांबून थांबून यायचा. मी मोजायचो. दहा झाले की बंद, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. बबडे, मला भीती नाही वाटली. लाज वाटली. आत्ता हे लिहितानाही तो आवाज चालू आहे.

तुझ्या सुट्ट्यांत मी पुस्तकं घेऊन यायचो तेव्हा तुझ्या आत्या म्हणायच्या, मामा असावा तर असा. मी मान खाली घालून खात बसायचो. तुझ्या एकाही पत्रात मी कधी चूक काढली नाही. त्यामुळे आपलं शुद्धलेखन फार चांगलं आहे असा तुझा समज झाला. तो समज चुकीचा आहे, पण असू दे.

स्वतःला मी सांगत आलो की कामाच्या गडबडीत सवयीने खुणा केल्या, मजकुराकडे लक्षच नव्हतं. आता तुला सांगतो. हो, कळलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच कळलं होतं. उठून मोठा शब्दकोश काढला आणि त्या मूळ धातूवर अर्धा तास घालवला. माझं लग्न ठरत होतं. पुढच्याच आठवड्यात मामीच्या घरचे आमचं घर बघायला येणार होते. दोन खोल्या, त्यात आजारी बहीण आणि अंगावरचं मूल. तिला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं, म्हणून मी स्पेलिंग तपासलं. ती समजायचं ते समजेल, हे मला ठाऊक होतं.

आणि तिने उत्तर पाठवलं. हे तुला पेटीत सापडणार नाही, कारण ते माझ्याकडे आहे. दहा दिवसांनी पाकीट आलं. आत एकच कागद. मायना नाही, तुझ्याबद्दल काही नाही. एकाखाली एक दहा ओळी, प्रत्येक ओळीत तोच शब्द. पहिले सहा तिच्या नेहमीच्या वळणदार अक्षरात, मग अक्षर घसरत गेलेलं, दहावा तर पार रेघेखाली. पण दहाही वेळा पीनंतर ई.

मी काय केलं, सांगू? लाल पेन्सिल घेतली, खाली बरोबरची खूण केली आणि 'शाब्बास' लिहिलं.

त्यानंतर अठरा दिवसांनी ती गेल्याची तार आली.

तो कागद सोबत पाठवतोय. मामी जिवंत होती तोवर तिलाही कधी दाखवला नाही. घडीवर विरलाय, जपून उघड. तिच्या अक्षरावरून बोट फिरवावंसं वाटलं तर फिरव, माझ्या अक्षराचं काय करायचं ते तू बघ.

खोलीचंही तूच ठरव. मी तिला दिली नाही ती जागा तू मला द्यावीस, असं मागायचा माझा हक्क नाही. नको असेल तर सरळ नको म्हणून लिही. माझ्यासारखं आडून लिहू नकोस.

तुझ्या आईने ज्याला बोलावलं आणि जो आला नाही, तो

तुझा
मामा