थोरलीच्या पेशी

३ ऑगस्ट

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

बाळाने बाळसं धरलंय. सारखं पाय झाडतं, दुपटं अंगावर टिकत नाही. थोरलीला मात्र पायांना आधाराच्या पट्ट्या लावूनही जिना चढवत नाही. हे तिला पाठीवर घेतात. आठ वर्षांची घोडी, किती दिवस उचलणार?

तिच्या कातडीचा कण नेलास, तिथे प्रयोगशाळेत तिच्या पेशी बशीत वाढवतोस, एक दिवसाआड खाऊपिऊ घालतोस म्हणे. लग्नाआधीच बाप झालास, एवढंच काय ते निष्पन्न!

बाळाची तपासणी करा म्हणून सारखा फोन करू नकोस. थोरलीचं दुखणं कळल्यापासून मी तिच्याकडे नुसती पोर म्हणून बघूच शकले नाही. एक तरी लेकरू मला काही ठाऊक नसताना वाढवू दे.

रागावले तरी माया तीच आहे.
तुझी ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोन तू आपटतेस, म्हणून लिहितोय. थोरलीचं जनुक चालू आहे. पण त्यावरून पेशी आरएनए नावाची जी नक्कल काढते तिच्यात एक नको तो तुकडा राहतो आणि मज्जातंतूंना लागणारं प्रथिन बनतच नाही. आमचं औषध तो तुकडा गाळायला लावतं. बशीत तिच्या पेशी सुधारल्या, ताई.

मेलेले मज्जातंतू मात्र ते उठवू शकत नाही. म्हणून औषधाच्या पहिल्या चाचणीत फक्त तान्ही बाळं घेणार आहेत. आपल्या बाळाला दोष नसेलही. पण पाय थोरलीही झाडायची. टाचेतून थेंबभर रक्त, बस्स. मला भीती वाटते गं.

शिव्या दे, पण लोभ तोडू नकोस.
तुझा भाऊ

२ सप्टेंबर

चि. भाऊस आशीर्वाद.

बाळालाही आहे. काल पाठीच्या कण्यात तुमच्या औषधाची पहिली सुई टोचली. मला बघवेना, बाहेर बसले. आज नेहमीसारखं प्यालं. वेळेत आणलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुला बोलले ते मागे घेते.

ह्यांनी थोरलीला कौतुकाने सांगितलं, की औषध तुझ्याच पेशींवर तयार झालं, तुझ्यामुळे बाळ चालणार. पोर हरखून गेली, वाटभर बाळाचा पाय हातात धरून होती. घरी आल्यावर तिने पट्ट्या सोडल्या, फ्रॉक वर केला, माझ्याकडे पाठ करून बसली आणि आता माझी पाळी म्हणाली.

मी नुसती तिची पाठ चोळत राहिले. तिला काय सांगायचं ते तू लिही, मला जमायचं नाही.

लोभ तुझा असतोच, या खेपेला उत्तरही असू दे.
तुझी ताई