इरकली काठाची निकर

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चिमणाबाईस थोरलीचा भरभरून आशीर्वाद. तुझं गुडघं काय म्हणत्यात? माझं लई बोलत्यात. (घरात दुसरं कोण बोलणारं न्हाय, म्हणून मी त्यांचंच ऐकते.) फोन न करता कागद लिहिते, कारण तू फोन मोठ्यांदा लावतीस, सगळ्या घराला ऐकू जातं.

आनंदाची बातमी! माझ्या अमरसिंहाची पोरगी नंदू बरी झाली. सुट्टीला माझ्याकडं आली तवा सारखी खाजवायची, लघवीच्या जागी. सात वर्षांची पोर, मी म्हटलं जंत. वावडिंग पाजलं. दृष्ट काढली. मग साबणानं घासून धुतलं, तर पोरीनं बोंबलून पेठ गोळा केली. शेजारची मेहमुदा म्हणाली, "मावशी, पोरगी हाय का पातेलं? डाक्टरकडं चला की!"

डाक्टरीणबाईंच्या कानात मी आपलं, "तिथं हो, तिथं." त्या म्हणाल्या, "आजी, नाकाला नाक म्हणताच न्हवं?" नंदूला माझ्या मांडीवर बसवून, आधी तिला विचारून, मगच बघितलं. कातडी पांढरी, पातळ पडलीया. जुनाट आजार हाय, पण जंत न्हाय, घाण न्हाय, कुणाला लागत न्हाय, कुणाची चूकबी न्हाय. (मी वावडिंगाचं नावच काढलं न्हाय. नंदूनं मात्र बाहेर बाकड्यावरच्या सगळ्या पावण्यास्नी सांगितलं, "आजी म्हणत होती जंत!") साबण बंद, रोज मुगाएवढं मलम, आणि मऊ, सैल, सुती निकर.

तसली दुकानात मिळंना. मग माझं इरकली लुगडं फाडलं, धुऊन धुऊन लोणी झालेलं, आणि काठासकट निकरी शिवल्या. पुढच्या खेपेला डाक्टरीणबाई म्हणाल्या, असली राजेशाही निकर जल्मात बघितली न्हाय!

खाज थांबली. शाळा सुरू झाली, पोरगी पुण्याला गेली. मलम आता सूनबाई क्रांती लावती, न चुकता. लई चांगलं झालं. लईच चांगलं झालं.

तुझी,
धोंडुबाई

ता.क. एक निकर दोरीवरच राहिली. मेहमुदा म्हणती, काढा, पाऊस येईल. येऊ दे की.

आणखी ता.क. खाज गेली तरी हा आजार गुपचूप परत येतो, म्हणून सहा महिन्यांनी पोरीला हितं दाखवायला आणायचं हाय. तपासणी चुकवायची न्हाय, ते मी बघते. पण असली डाक्टरीण तिकडं पुण्यात तुझ्या गल्लीच्या तोंडालाच हाय, हे तू क्रांतीला बोलू नगंस, बाई. बोलली असशील तर एवढं सांग, की पोरगी वाढतीया, मी दुसरं लुगडं काढून ठेवलंय, आणि माप काय फोनवर घेता येत न्हाय.