चिमणीचा पाय

प्रिय ताई,

आई सुखरूप पोचली हे मी फोनवर सांगितलं, तर तू नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवलास. तुझ्या ‘बरं’ची मला लहानपणापासून धास्ती आहे. माझ्यासाठी स्थळ पाहिलंय असं सांगून तू आईला इकडे परदेशात पाठवलंस आणि तिच्या हातात परतीची दोन तिकिटं दिलीस, एक तिचं, एक माझं. माझं लग्न गेल्या वर्षीच झालंय हे तुला ठाऊक, मला ठाऊक, फक्त आईला नाही. तुझी ताकीद स्पष्ट होती. आईला कळता कामा नये, त्या परक्या माणसाला मुकाट्यानं सोडून घरी ये, नाहीतर तुझं-माझं नातं संपलं. तू बोललेलं खरं करतेस, ताई. म्हणून मी घाबरले.

नवऱ्याला मी त्याच्या कामाच्या जागी झोपायला धाडलं. तिथे तो जुन्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करतो, भुशात आणि सरसाच्या वासात. त्याचे बूट, दाढीचं सामान, भिंतीवरचा फोटो, सगळं गाठोड्यात बांधून दिलं. जाताना त्यानं विचारलं, मी काय चोरी केलीय? मी गाठोड्याची गाठ आणखी आवळली. त्याला मराठीतले दोनच शब्द येतात, ‘आई’ आणि ‘बास’. पहिला मी शिकवला, दुसरा तो माझ्या हातचं जेवताना आपोआप शिकला.

आईचं तुला ठाऊकच आहे. पहिल्याच सकाळी तिनं पडदे उलटून शिवण तपासली आणि हे कुठल्या गाढवानं शिवलंय म्हणून विचारलं. गाढव समोरच उभं होतं. मग ती खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली, ती डुगडुगली. झालं! सुतार बोलाव, नाहीतर मीच पाचर ठोकते, म्हणून हटून बसली. सुताराच्याच घरातली खुर्ची डुगडुगते, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? इथे असा माणूस चटकन मिळत नाही म्हटलं, तर ती हातोडी शोधायला उठली. शेवटी मी त्यालाच बोलावलं, सुतार म्हणून. मूर्खपणाच तो. पण खरं सांगू, मला त्याला बघायचं होतं.

तो आला, परक्यासारखी मान लववली आणि खुर्ची उलटी करून कामाला लागला. मी स्वयंपाकघराच्या दारात जीव मुठीत धरून उभी होते. आईनं त्याच्यासाठी चहा केला. कप देताना तिची नजर त्याच्या बाहीवर गेली आणि तिचा हात तिथेच थांबला. बाहीचं बटण मी लावलेलं होतं. आपल्या शिवणाच्या दुकानात बटण कसं लावतात ते तुला सांगायला नको. दोरा मेणावरून ओढायचा, आणि चार भोकांपैकी एकातूनच उरलेल्या तिन्हींकडे तीन टाके न्यायचे. चिमणीचा पाय. आईनं तो आपल्या दोघींशिवाय कुणालाच शिकवला नाही, दुकानातल्या बाईलासुद्धा नाही. नवरा लपवला, फोटो लपवला, आणि बटण विसरले बघ.

तिनं त्याचं मनगट धरलं. हे कुणी लावलं, असं मला विचारलं. इकडे सगळे असंच लावतात, मी थाप मारली. ती म्हणाली, “घराबाहेर हा टाका मी एकदाच पाहिलाय.” आणि खाली बसली ती थेट जमिनीवर. मला वाटलं, आता ती आरडाओरडा करणार, त्याला हाकलणार. पण ती रडायला लागली, बाबा गेले तेव्हासुद्धा रडली नव्हती तशी. तो भांबावला, गुडघ्यावर बसला आणि आपल्याजवळचे दोन्ही शब्द त्यानं खर्चून टाकले, “आई, बास.”

तुला गच्ची आठवते? कपडे वाळत घालता घालता तू एकदाच बोलली होतीस, परदेशातल्या इस्पितळात नोकरीला असताना भेटलेल्या त्या पाववाल्याबद्दल. बाबा अंथरुणाला खिळले, तू परत आलीस, तो मागून येणार होता. आला नाही. ही माणसं शब्दाला जागत नाहीत, असं म्हणून तू चिमटे लावलेस आणि विषय कायमचा मिटवलास. पुढे एकाही स्थळाला होकार दिला नाहीस. माझ्या लग्नाचं कळलं तेव्हा तेच वाक्य तू मला ऐकवलंस. मला राग आला होता तुझा. आता राग कुणावर करावा तेच कळत नाही.

ताई, तो आला होता. रडता रडता आईनंच हे सांगितलं. तू बाबांना घेऊन इस्पितळात गेली होतीस, तेव्हा तो हातात बॅग घेऊन दुकानात आला आणि तुझं नाव वेडंवाकडं उच्चारत राहिला. त्याच्या कोटाच्या बटणावर चिमणीचा पाय होता, त्यावरून आईनं ओळखलं हा कुणाचा माणूस ते. भाषा येत नव्हती, म्हणून तिनं मशीनवरच्या, कुणा गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या पोशाखावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं. तुझं लग्न ठरलंय असं तो समजला. पाणीही न पिता गेला. तू त्याच्याबरोबर गेली असतीस तर घर बसलं असतं, असं आई म्हणाली, आणि हे कारण पुरेसं नाही असंही तीच म्हणाली. तिनं माझ्या नवऱ्याला परत घरी आणलंय, ती एकटीच परत येतेय, माझं तिकीट तसंच पडून राहील. तुझ्यासमोर हे बोलायची तिची छाती होत नाही, आणि फोन तू मध्येच ठेवशील, म्हणून हे पत्र तिनं मला लिहायला लावलं. ती दारात उभी राहण्याआधी ते तुझ्या हाती पडावं, एवढंच तिचं मागणं आहे. “मला घरात घ्यायचं की नाही हे तुझ्या ताईला ठरवायला वेळ मिळू दे,” असं आई म्हणाली.

तुझीच,
शेंडेफळ