तपासणीच्या टेबलावरचं गेज

गुरुवार, ९

उद्यापासून सभागृहात बत्तीस संघ. धाकटा भाऊ या शालेय रोबो स्पर्धेचा संयोजक. त्याने मला तपासणीच्या टेबलावर बसवलं आहे. "ताई, तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलंस. तुझ्याशी हुज्जत घालायची कोणाची छाती आहे?" कॉम्प्रेसरमधलं मला काय कळतं, असं विचारलं. म्हणाला, "त्यात कळायचंय काय? रोबोच्या टाकीतल्या हवेचा दाब एकशेवीस पौंडांच्या वर गेला की नापास." विधान सुटसुटीत आहे. सुटसुटीत विधानांचा मला आताशा शीण येतो. पण नकार देण्याचाही शीणच.

दाब मोजायचं गेज फिटरने वर्कशॉपमधून आणून दिलं. मितभाषी माणूस. पाने पुसून, मापाच्या क्रमाने लावून ठेवतो. इतका नेटका विद्यार्थी मला कधी मिळाला नाही.

शुक्रवार, १०

कॉम्प्रेसरची घरघर अजून कानात आहे. गॉगल न घालता ड्रिल चालवणाऱ्या चौघांना परत पाठवलं. बहुतेक संघ शंभर पौंडांच्या आतच हवा भरतात. एकाच संघाचा रोबो वजनदार, त्याला मर्यादेच्या काठापर्यंत दाब लागतो. त्यांचा आकडा निघाला एकशेअठ्ठावीस. नापास.

त्यांची कर्णधार — तिला सोबतचे 'वकील' म्हणतात — शांतपणे म्हणाली, "मॅडम, आमच्या गेजवर एकशेअठराच येतंय. तुमचं चुकत असेल."

"'असेल' हे अनुमान झालं. प्रमाण नव्हे."

"मग तिसरं आणून बघू या? दोन्हींपैकी कोणतं खोटं, ते लगेच कळेल."

युक्तिवाद निर्दोष होता. मी नियम दाखवला : टेबलावरचं गेज अंतिम. मागून कोणीतरी पुटपुटलं, "वकीलबाई, हरलात. चला, खाली बसा." ती बसली नाही, व्हॉल्व्ह फिरवून माझ्या काट्याप्रमाणे दाब उतरवत राहिली.

दुपारी त्यांच्या रोबोचा हात ठोकळा घेऊन वर गेला आणि फळीच्या वीतभर खाली थांबला. दोन्ही सामने गेले. संघ बाद. सात महिन्यांचं काम. पुढच्या वर्षी ही मुलं शाळेत नसतील.

शनिवार, ११

अंतिम फेरी. टाळ्या वाजवल्या. लिहवत नाही.

रविवार, १२

आवराआवर चालली होती. फिटरने गेजची नळी काढली, काट्याकडे पाहिलं आणि ते माझ्यापुढे धरलं. "बाई, हा शून्यावर येतच नाही. मोकळा असून दहावर उभा आहे."

म्हणजे प्रत्येक आकडा दहाने जास्त. त्या मुलीचं एकशेअठरा खरं होतं. माझ्या सांगण्यावरून तिने दाब उतरवला तो एकशेदहावर.

समिती जागच्या जागी बसली. निकाल बदलता येत नाही, हे दोन मिनिटांत ठरलं. उरला प्रश्न चूक कोणाची. भाऊ म्हणाला, "हत्यारं याच्या ताब्यात. नादुरुस्त गेज यानेच दिलं."

"मी दिलं तेव्हा शून्यावर होतं, साहेब. तपासूनच दिलं होतं."

"मग काय टेबलावर बसून आपोआप बिघडलं?"

फिटरने माझ्याकडे पाहिलं. मी कागद गोळा करत होते. उद्यापासून वर्कशॉपमध्ये येऊ नये, असं त्याला सांगण्यात आलं. घरी सोडताना भाऊ म्हणाला, "ताई, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला बिचारीला काय ठाऊक."

सोमवार, १३

फिटरचा फोन. आवाजात तक्रार नव्हती, त्याचाच त्रास झाला. "बाई, तुमच्या शब्दाला वजन आहे. गेज दिलं तेव्हा काटा शून्यावर होता, तुमच्यासमोरच दाखवला होता, एवढं एका ओळीत लिहून द्याल का?"

विचार करून सांगते, म्हणाले. विचार करण्यासारखं काय होतं?

दिवसभर मनाशी बाजू मांडत बसले. मी तंत्रज्ञ नाही. उपकरण माझ्या मालकीचं नाही. नियम मी केलेला नाही. तिन्ही विधानं सत्य. त्यांतून काहीही निष्पन्न होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसेल. वकिलाला तर दिसेलच.

मंगळवार, १४

गेज माझ्या हातून पडलं होतं. शुक्रवारी, साडेआठला, पहिला संघ यायच्या आधी. काटा दहावर अडकलेला मी पाहिला, टिचकी मारली, हलला नाही. दुसरं गेज दोन जिने खाली होतं आणि मी दमले होते. शुक्रवारच्या पानावर हे मी लिहिलं नाही. आत्ता समितीला लिहिलं, याच शब्दांत. एक प्रत फिटरला, एक त्या मुलीला.